पाचव्या गाण्याची पट्टी

मी टेपा भाजत असे. ‘न्यूझीलंडला तुम्ही काय करत होतात?’ असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरच्याच्या चेहऱ्याची मजा बघते. पुण्यातल्या माझ्या जाऊबाईंनी तर मी ऑकलंडला एका बेकरीत आहे असं सगळ्या नात्यागोत्यात पसरवून दिलं होतं. ‘एवढं इंजिनिअरिंग शिकून शेवटी पाव भाजतेय’ हे वर. मीही बरीच वर्षं खुलासा केला नाही, कारण खुलासा करायचा म्हणजे अर्धा तास जातो आणि शेवटी ऐकणारा विचारतोच, ‘पण म्हणजे खाण्याचं नाही का काही?’

तर तो खुलासा इथे एकदाचा करून टाकते. टेप म्हणजे लांबच लांब प्लॅस्टिकची फीत. तिच्यावर गंजासारखी तपकिरी पूड डिंकासारख्या एका पदार्थाने चिकटवलेली असते आणि आवाज असतो तो त्या पुडीत. काही कंपन्यांच्या टेपांमधला हा डिंक वर्षानुवर्षं हवेतलं पाणी पितो आणि चिकट होतो. अशी टेप तशीच मशीनवर लावली तर ती किंचाळते आणि वाजता वाजता पूड सोडते. म्हणजे तुम्ही गाणं ऐकत असता आणि त्याच वेळी ते पुसतही असता. त्यावर उपाय असा की टेप मंद उष्णतेत आठ-दहा तास ठेवून तिच्यातला ओलावा काढायचा. मग पुढचे काही आठवडे ती शहाण्यासारखी वागते. तेवढ्यात तिच्यावरचं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवण घालतात, त्यातलाच प्रकार. मी कुरडयांऐवजी गाणी वाळवायचे.

आमची जागा ऑकलंडच्या पेनरोज भागात होती. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला पावाच्या गाड्या भरायचा डेपो आणि मधे आमची पत्र्याची शेड. मालक कॉलिन. सहा फूट उंच, बारा महिने हाफ पँट, कमी बोलणारा. मी नोकरी शोधत होते तेव्हा सगळीकडे ‘लोकल एक्स्पीरियन्स नाही’ हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. कॉलिनने माझा सीव्ही बघितलाच नाही. एक बंद पडलेला टेपरेकॉर्डर आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “मी डेरीतून पाय घेऊन येतो.” डेरी म्हणजे तिकडे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, आणि पाय म्हणजे मटणाचा तो जाड कव्हरातला पदार्थ. तो खाऊन परत आला तेव्हा टेपरेकॉर्डर वाजत होता. “स्वीट ॲज,” तो म्हणाला, म्हणजे झकास. “सोमवारी ये.” झाला इंटरव्ह्यू.

आमच्याकडे काय काय यायचं! एका मेंढपाळ आजोबांनी कुत्र्यांना घालायच्या शिट्ट्यांची कॅसेट आणली होती, नातवाने शिकावं म्हणून. जॉन्सनव्हिलच्या एका मराठी बाईंनी आपल्या लग्नाची कॅसेट कुरिअरने पाठवली. लावून बघते तर ‘शुभमंगल साव’पर्यंत मंगलाष्टकं आणि पुढे थेट क्रिकेटची कॉमेंटरी. नवरोबांनी कधीतरी त्यावरच मॅच रेकॉर्ड केली होती. मी फोन करून सांगितलं. बाई म्हणाल्या, “अहो, पण तुम्ही एवढ्या इंजिनिअर ना? खालचं वर काढा की!” खालचं वर येत नाही, ते पुसलं जातं, हे त्यांना पटवताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी त्या म्हणाल्या, “मग आहे तश्शीच सीडी करून द्या. ह्यांच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर लावते.”

आहे तश्शीच. कॉलिनचाही हाच नियम होता आणि आमच्या धंद्याचा तो कणा होता. आलेलं जसंच्या तसं आधी उतरवून बाजूला ठेवायचं. मग त्याची दुसरी प्रत घेऊन तिच्यातली खरखर, टकटक काढायची. पण गाणाऱ्याला न विचारता गाणं सुधारायचं नाही. बेसूर असेल तर बेसूर, रडकं असेल तर रडकं. “आपण धोबी आहोत, शिंपी नाही,” असं कॉलिन म्हणायचा. मी तो नियम पाळला. एकदाच मोडला, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. हिवाळा होता. सकाळी दार उघडलं तर बाहेर एक उंच, साठी ओलांडलेला गृहस्थ उभा. अंगात जुना भारी कोट, गळ्यात जांभळा मफलर, पायात कडाक्याच्या थंडीत जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, आणि हातात चिली बिन. चिली बिनमध्ये तिकडे लोक सहलीला जाताना बर्फ आणि बिअर नेतात. मला वाटलं, हा पत्ता चुकला.

“किया ओरा,” त्याने माओरीत नमस्कार केला, आणि मी जागच्या जागी उभी राहिले. एवढ्या दोन शब्दांत त्याने अख्खी शेड भरून टाकली. असा आवाज मी रंगभूमीबाहेर कधी ऐकला नव्हता. “मी ऑब्री. पापाकुराहून ट्रेनने आलो. ह्या पेटीत माझा अल्बम आहे.”

चिली बिनमध्ये टॉवेलात गुंडाळलेले टेपांचे दोन डबे होते, रेकॉर्डच्या एका बाजूची सहा गाणी एकात, दुसऱ्या बाजूची सहा दुसऱ्यात. त्याने मला सगळी कहाणी सांगितली, अर्थात उभं राहून आणि हातवारे करून. तो मूळचा इंग्लंडचा नट. तिकडच्या एका टीव्ही मालिकेत त्याने खेड्यातल्या तरुण पाद्र्याचं काम केलं होतं. तो पाद्री घोड्यावरून पडून मेला तेव्हा म्हणे स्टुडिओत हुंदक्यांनी भरलेली पत्रं आली. ते बघून एका रेकॉर्ड कंपनीला वाटलं, ह्या चेहऱ्यावर गाणी खपतील. तो काळ असा होता की इंग्लंडातले पुरुष गायक गालांना चमकी फासून, बायकांपेक्षा उंच टाचांचे बूट घालून गात आणि पोरी बेशुद्ध पडत. ऑब्रीलाही चंदेरी सूट शिवला, चमकी फासली आणि बारा गाण्यांचा अल्बम काढला. तो आपटला. इतका आपटला की कंपनीने उरलेल्या रेकॉर्डचं काय केलं हे त्याला कधी कळलंही नाही. पुढे त्याने मेरियन नावाच्या न्यूझीलंडच्या नर्सशी लग्न केलं, इकडे आला आणि निवृत्त होईपर्यंत शाळेत मुलांना नाटक शिकवलं.

आता तीसेक वर्षांनी लंडनमधल्या एका छोट्या कंपनीला, म्हणजे नायजेल नावाच्या एका माणसाला, तो विसरलेला अल्बम सीडीवर पुन्हा काढायचा होता. मूळ टेप तिकडे हरवली होती. जगात उरली होती ती ऑब्रीच्या गराजमधली ही एवढीच.

“हे एकच आहे माझं, माय डिअर,” तो म्हणाला. “बाकी सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं मी बोललो. ही गाणी मी निवडली, चार तर मी लिहिली. हे नीट बाहेर आलं तर ठीक. नाही तर मी घोड्यावरून पडलेला पाद्री, बस.”

“तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?” मी विचारलं.

“रेकॉर्ड छापून आली त्या दिवशी. पाचव्या गाण्यापर्यंत. मग बंद केलं.”

“का?”

“आवडलं नाही,” एवढंच म्हणून त्याने मफलर आवळला आणि तो गेला.

टेप चिकट होतीच. भाजायला आमच्याकडे फळं सुकवायचं एक गोल यंत्र होतं, कॉलिनच्या बायकोचं. ती त्यात परसातले फिजोआ सुकवायची. फिजोआ म्हणजे पेरूचा हिरवा, सुगंधी चुलतभाऊ. त्यामुळे आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक टेपेला फिजोआचा वास यायचा. मी ऑब्रीची पहिली टेप सकाळी आत ठेवली, थर्मामीटर लावला आणि दिवसभर दर अर्ध्या तासाने जाऊन बघत राहिले. तापमान जरा जास्त झालं तर फीत वाकडी होते, आणि इथे तर दुसरी प्रत नव्हती. बाहेर टायरवाल्याचा रेडिओ चालू होता, तोही मला नकोसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी टेप मशीनवर चढवली. बोटाने बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. किंचाळली नाही! आधी एक पीप आली, मशीनचा वेग बरोबर आहे की नाही हे तपासायला प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला ती असते. वेग अगदी बरोबर होता. मग दोन सेकंद शांतता आणि एकदम धाडधाड, धाडधाड, वीस-पंचवीस माणसं लाकडी जमिनीवर पाय आपटताहेत आणि वर तीन गिटार! मी उडालेच. कॉलिन आतून धावत आला. आम्ही दोघं त्या स्पीकरांपुढे उभे राहून अक्षरशः हसत होतो, तो मान हलवत आणि मी मांडीवर ताल धरत. तीस वर्षं गराजमध्ये पडलेली वस्तू अशी ताजीतवानी उठून नाचायला लागली की काय वाटतं हे सांगणं कठीण आहे. मला त्या नोकरीत सगळ्यांत आवडलेला क्षण तो, आणि तो दर टेपेला नव्याने यायचा.

आणि काय अल्बम होता! एका गाण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. दुसऱ्या गाण्यात चक्क सतार. ती वाजवणाऱ्याने सतार बहुधा त्याच दिवशी सकाळी प्रथम पाहिली असावी. तिच्या तारा इतक्या उतरलेल्या होत्या की मला दात शिवशिवल्यासारखं झालं. तिसरं गाणं वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा गिरक्यांचा नाच, सोबत पितळी वाद्यांचा अख्खा बँड. चौथ्यात चर्चचा ऑर्गन आणि त्यावर ऑब्रीचं नुसतं बोलणं, एका खाटकाच्या प्रेमपत्राबद्दल. आणि पाचवं अगदी साधं. पियानो, एक व्हायोलिन आणि स्टेशनवरच्या चहाच्या दुकानात कुणाची तरी वाट बघत बसलेला माणूस.

इथे माझी चूक सुरू होते.

मी पुण्याला लहानपणी दहा वर्षं गाणं शिकले. आमच्या बाई पेटीवर पट्टी धरायच्या आणि म्हणायच्या, “काळी दोन. हलायचं नाही.” कुणी केसभर वर-खाली गेलं तर बाई पेटी बंद करून उठून जात. तेव्हापासून कुठलंही गाणं कानावर पडलं की ते पेटीच्या कुठल्या पट्टीवर बसतंय हे मी नकळत बघते. डेरीतल्या फ्रीजची घरघरसुद्धा मी पट्टीत मोजते. माझी मुलगी म्हणायची, “आई, प्लीज, नॉट इन फ्रंट ऑफ माय फ्रेंड्स.”

ऑब्रीची दहा गाणी कुठल्या ना कुठल्या पट्टीवर बसत होती. तिसरं आणि पाचवं बसत नव्हतं. दोन पट्ट्यांमधल्या फटीत ती दोन्ही गाणी अडकली होती. मशीनचा वेग बरोबर होता हे ती पीप सांगत होती. पण माझा कान सांगत होता की काहीतरी चुकलंय, आणि मी कानाचं ऐकलं. मी मनाशी ठरवून टाकलं की ती दोन गाणी ह्या टेपेवर उतरवताना लंडनला मशीन पळत असणार. जसंच्या तसं उतरवलेलं बाजूला ठेवलं, आणि सीडीसाठीच्या प्रतीत वॉल्ट्झ हळू करत करत खालच्या पट्टीवर आणून बसवला. बसल्यावर काय समाधान वाटलं! बाई असत्या तर मान डोलावली असती.

मग पाचवं. तेही अर्धी पट्टी खाली आणलं, बसलं. तरी मला चैन पडेना. मी फक्त श्वास ऐकायला लागले. ओळ संपते तिथे गाणारा श्वास घेतो ना, तो. बाईंनी हेही शिकवलं होतं की गाणारा खरा कळतो तो श्वासाच्या जागी. हा माणूस फार झटकन श्वास घेत होता, इतकं पटकन कुणी घेत नाही. मी आणखी एक पूर्ण पट्टी खाली आणलं. आणि एकदम तो माणूस खुर्चीत टेकून बसला. पियानोचे सूर नीट विरायला लागले, श्वास माणसाचा झाला आणि आवाज भरदार झाला, चिली बिन घेऊन आलेल्या माणसाचा झाला. मी एकटी त्या शेडमध्ये टाळ्या वाजवत होते.

आता कॉलिनला सांगायला हवं होतं. ऑब्रीला फोन करून विचारायला हवं होतं. मी केलं नाही. खरं कारण सांगते: मला त्यांचे चेहरे बघायचे होते. ऑब्री ऐकेल, थक्क होईल, ‘हे कुणी ओळखलं?’ म्हणेल आणि मी विनयाने खाली बघेन, असं सगळं नाटक मी मनात बसवून ठेवलं होतं.

ऐकायच्या दिवशी ऑब्री मेरियनला घेऊन आला. ती बुटकी, गोरीपान, चटपटीत बाई. आल्या आल्या तिने हीटरजवळची खुर्ची पकडली आणि शब्दकोडं काढलं. “मी त्याची पूर्वीची गाणी ऐकलेली नाहीत,” ती मला म्हणाली. “तो घरात रेकॉर्ड ठेवू देत नाही.” चार वाजता लंडनला सीडी न्यायला कुरिअरवाला येणार होता.

पहिल्या गाण्याला ऑब्री पाय आपटत राहिला. सतारीला त्याने तोंडावर हात घेतला आणि माझी माफी मागितली. मग तिसरं लागलं आणि तो ताठ झाला.

“थांबव,” तो म्हणाला. “माझ्या बँडमधलं कुणी मेलं का?”

मी थांबवलं.

“हे असे मयताला निघाल्यासारखे का वाजवताहेत? माय डिअर, ते खाणकामगार होते. आजोबांच्या वेळची वाद्यं वाजवायचे. जुन्या काळी त्या बँडची वाद्यं उंच सुरात बांधायचे, त्यांना खाली उतरता यायचं नाही. म्हणून आम्ही पियानोच वर चढवून घेतला, अख्खा दिवस गेला त्यात. आणि मग काय झळकले ते! कुठे गेली ती झळाळी?”

माझी पाचावर धारण बसली. कॉलिनने चष्मा काढून टी-शर्टला पुसला. तो कधी ओरडायचा नाही, पण चष्मा पुसायला लागला की मला ओरडणं बरं वाटायचं.

“वासू,” तो म्हणाला; माझं नाव त्याने एवढंच करून ठेवलं होतं. “तू हात लावलास?”

“हो.”

“ह्यांना विचारून?”

“नाही.”

“आणखी कशाला लावलास?”

“पाचव्याला.”

ऑब्रीचा चेहरा बदलला. “पाचव्याला काय केलंस?”

“खाली आणलं. दीड पट्टी.” मी टेबलावर बोटांनी पेटीच्या पट्ट्या दाखवल्या, एवढी पांढरी, एवढी काळी, इथून इथे. “सॉरी. तुमचा श्वास... तुम्ही फार घाईत श्वास घेत होता. माणूस असा घेत नाही, म्हणून मला वाटलं...”

“मूळ प्रत आहे,” कॉलिन ऑब्रीला म्हणाला. “जशीच्या तशी. काही बिघडलेलं नाही. आत्ता लावतो.” आणि त्याने माउसकडे हात नेला.

“नको,” ऑब्री म्हणाला. “तिचं लाव.”

मी लावलं. माझी मान वर होत नव्हती. पियानो सुरू झाला, मग तो आवाज आला. स्टेशन, चहाचं दुकान, वाट बघणं. पहिलं कडवं संपलं. मग पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“हा तर तू आहेस,” मेरियन म्हणाली.

गाणं संपल्यावर ऑब्रीने मफलर सोडून हातात घेतला. मग नेहमीच्या त्या मोठ्या आवाजात नाही, साध्या आवाजात त्याने सांगितलं.

“मी चौतीस वर्षांचा होतो. त्यांना अठरा वर्षांचा हवा होता. मी असाच गायलो होतो, आत्ता ऐकलंत तसा. एका झटक्यात, एकच टेक. सगळे रडले होते स्टुडिओत. मग मी घरी गेल्यावर प्रोड्यूसरने मशीन पळवलं आणि मला पोरगा करून टाकलं. मला न विचारता. रेकॉर्ड हातात आली तेव्हा कळलं. मी जाऊन भांडलो तर म्हणाला, नटच आहेस ना, हाही एक रोल समज. त्यानंतर मी गायलो नाही.”

“स्वयंपाकघरात गातोस की,” मेरियन म्हणाली.

“ते धरत नाहीत.”

“मी धरते,” ती म्हणाली.

मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. माझा कान बरोबर निघाला होता. पण त्या प्रोड्यूसरने ऑब्रीला विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्याचं गाणं त्याच्या पाठीमागे बदलणारी मी दुसरी. आणि वॉल्ट्झच्या बाबतीत तर मी सपशेल माती खाल्ली होती. हे सगळं मी त्याला तिथल्या तिथे बोलून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, “हो, पण तू परत आणलंस. आणि मुख्य म्हणजे तू माझ्यासमोर लावलंस.”

कॉलिनने कुरिअरवाल्याला रिकाम्या हाती परत पाठवलं. वॉल्ट्झ पूर्ववत झाला, खाणकामगार पुन्हा झळकायला लागले. पाचव्याचं काय, ह्यावर मात्र चर्चा झाली. मी म्हणाले, “आता खरं सापडलंय तर खरंच घाला.” मला वाटलं ऑब्री उडी मारून हो म्हणेल. त्याने नकारार्थी मान हलवली.

“ह्या रेकॉर्डवर जीव असलेली थोडी माणसं आहेत,” तो म्हणाला. “त्यांनी त्या पोराचं गाणं ऐकून लग्नं केली असतील, मोडली असतील. तो पोरगा त्यांचा आहे. त्याच्या जागेवरून त्याला उठवायचं नाही. पाचवं आहे तसंच राहू दे. पण हे...” आणि तो थांबला. एवढा बोलका माणूस, पण त्याला मागता येईना.

“हे शेवटी घालता येईल का?” मेरियनने विचारलं.

ती सीडी आज माझ्या कपाटात आहे. मागच्या यादीत बारा गाणी छापली आहेत. बारावं संपल्यावर लगेच बंद करू नका. थोडी शांतता जाऊ द्या, आणि यादीत नसलेलं तेरावं सुरू होतं. त्या वर्षांत सीडीवर अशी लपवलेली गाणी ठेवायची पद्धतच होती. ते तिथे कसं गेलं ते अजून सांगायचं राहिलं आहे.

लंडनला सकाळ होईपर्यंत थांबावं लागणार होतं, म्हणजे आमच्याकडची संध्याकाळ. आम्ही चौघंही शेडमध्येच थांबलो. कॉलिनने डेरीतून पाय आणले, माझ्यासाठी चीजचा. मी घरी फोन करून सांगितलं की आमटी गरम करून घ्या, आज माझं गाणं अडकलंय. आठ वाजता कॉलिनने स्पीकरवर फोन लावला. नायजेलचा आवाज बारीक आणि नीटनेटका होता, कपाटातल्या फाइलींसारखा.

“रेकॉर्डवर नव्हतं असं काही आम्ही घालत नाही,” तो म्हणाला. “आमचे ग्राहक फार काटेकोर आहेत. वेग बदलून केलेल्या वस्तू तर नाहीच नाही. ते कोणीही घरी करू शकतं.”

ऑब्रीने खाकरून घसा साफ केला आणि पाद्र्याच्या आवाजात बोलायला लागला. काय बोलला! नायजेलच्या आत्म्याबद्दल, काटेकोर लोकांना स्वर्गात मिळणाऱ्या जागेबद्दल, शेवटी घोड्याबद्दलसुद्धा. मेरियन तोंड दाबून हसत होती. नायजेलही हसला, आणि म्हणाला, “सुंदर. पण नाही.”

ऑब्रीच्या पोतडीतलं सगळं संपलं होतं. तेव्हा कॉलिनने माझ्याकडे बघून स्पीकरकडे बोट केलं. मग थबकला आणि ऑब्रीकडे वळला. “लावू?” त्याने विचारलं. ऑब्रीने मान हलवली, हो म्हणून. मीही त्याच्याकडे बघितलं. “लावू ना?” त्याने पुन्हा मान हलवली.

मी फोन स्पीकरजवळ सरकवला आणि गाणं लावलं. ऑब्री खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता आणि त्याचे ओठ गाण्याबरोबर हलत होते, अगदी बिनआवाज. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. व्हायोलिन आलं. तो मधला श्वास आला, सावकाश, पूर्ण. मी मोजत होते, नायजेल अजून बोलला नव्हता. शेवटचा पियानोचा सूर अगदी नाहीसा होईपर्यंत मी बटण दाबलं नाही.

लंडनमध्ये कुणीतरी कप बशीत ठेवला.

“कोण आहे हा?” नायजेलने विचारलं. त्याचा तो नीटनेटका आवाज जरा सुटला होता. “कोण गातंय हे?”

ऑब्रीने तोंड उघडलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे संवाद बिनचूक बोललेल्या त्या माणसाला एक शब्द फुटेना. त्याने मेरियनकडे बघितलं. ती उठली, फोनजवळ येऊन वाकली आणि प्रत्येक अक्षर स्पष्ट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली,

“माझा नवरा.”